झोळीवाल्याची तालीम

हॅलोविनला यंदा भोपळे आणि चेटकिणी नकोत, असं स्वप्नाने सांस्कृतिक समितीच्या बैठकीत सुरुवातीलाच सांगून टाकलं. मागच्या वर्षी मुलांनी काळ्या टोप्या घालून घरोघर चॉकलेटं मागितली होती आणि अर्ध्या तासात सगळं आटोपून ती पुन्हा मोबाइलला चिकटली होती. त्यापेक्षा शोधाशोधीचा खेळ करू, असं तिचं म्हणणं होतं. सोसायटीच्या सगळ्या इमारतींच्या आवारात कोड्यांच्या चिठ्ठ्या लपवायच्या, एक चिठ्ठी सापडली की तिच्यात पुढच्या जागेचं कोडं, आणि सगळ्यात शेवटी सापडणार झोळीवाला. जेवत नाही, झोपत नाही म्हणून आपल्याला लहानपणी ज्याची भीती घालायचे तोच. त्याच्या झोळीत बक्षिसं असतील. मुलांनी त्याच्यापासून पळायचं नाही, त्याला शोधून काढायचं.

समितीतल्या सगळ्यांना हे पटलं. विरार पश्चिमेच्या ‘सागरछाया’ संकुलात राहणारी बहुतेक मंडळी चिपळूण, सातारा, परळ, भांडुप अशा कुठून कुठून आलेली होती, पण झोळीवाला सगळ्यांच्याच लहानपणी होता. सोसायटीचे सेक्रेटरी विलास सामंत तर म्हणाले की त्यांच्या आजोळी गुहागरला त्याला एक डोळा नसायचा.

स्वप्ना एका विमा कंपनीचं काम घरून करायची. नवरा जितेश अंधेरीला कुरियर कंपनीत होता, मुलगा सुमेध चौथीत. दिवसभर क्लेमची कागदपत्रं तपासून तिचं डोकं आंबून जाई, म्हणून असली कामं ती आपण होऊन अंगावर घेई आणि मनापासून करी. त्या दिवाळीच्या सुट्टीत ती रोज संध्याकाळी फेरफटक्याचं निमित्त करून आवारात हिंडत होती. जनरेटरची खोली, क्लब हाऊसमागचा जिना, बंद पडलेलं कारंजं, सगळीकडे हात घालून पाहत होती. शेवटची जागा तिने पंप हाऊसच्या मागे नक्की केली. पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये तिथे एक बोळ होता. एक माणूस आरामात बसेल एवढा, आणि समोरून कुणाला दिसणार नाही असा.

माणूसही तिच्या डोक्यात आधीपासून होता. जवळच्या निर्मळ गावचे ॲन्सेल्म तुस्कानो. केळीची आणि फुलांची वाडी करणारा, साठीकडे झुकलेला गृहस्थ. गावातल्या हौशी नाटकांतून त्यांनी तरुणपणापासून कामं केली होती आणि गेली काही वर्षं डिसेंबरात ते सागरछायामध्ये सांताक्लॉज होऊन येत. आवाज घुमणारा, पोट खरंखुरं, उशी न बांधलेलं. संकुलातल्या निम्म्या मुलांचे त्यांच्या मांडीवर बसून काढलेले फोटो होते. दाढी-टोपीशिवाय मात्र त्यांना कुणी ओळखलं नसतं, कारण तसं कुणी पाहिलंच नव्हतं.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी स्वप्ना स्कूटर घेऊन निर्मळला गेली. ॲन्सेल्म वाडीत केळीच्या घडाला टेकू लावत होते. तिचं सगळं ऐकून ते खूप हसले आणि मग जरा गंभीर झाले. त्यांच्या धर्मग्रामातले, म्हणजे पॅरिशमधले, फादर हॅलोविनच्या विरुद्ध होते. शिवाय दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस, त्याच्या आधीचे दोन दिवस घरचे सगळे कबरी धुऊन, फुलांनी सजवण्यात असतात. त्यांच्या बायकोने, मटिल्डाने, ओटीवरूनच त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी सुनावलं. स्वप्नाला त्यातलं सगळं कळलं नाही, पण जाऊ नका असा त्याचा सूर होता. त्यावर ॲन्सेल्म म्हणाले की भूत व्हायचं नाहीये, झोळीवाला व्हायचंय, आणि झोळीवाल्याबद्दल चर्चमध्ये अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक तालीम हवी. आणि अगदी लहान मुलं घाबरली तर नाटक तिथल्या तिथे थांबवायचं.

“मी झोळी उघडून दाखवीन,” ते म्हणाले. “आत काय आहे ते मुलाने स्वतः पाहिलं की भीती जाते.”

झोळीवाला कोण होणार आणि कुठे लपणार, हे गुपित ठेवायचं असं स्वप्नाने ठरवलं. मुलं आयांच्या फोनवर खेळतात, ग्रुपवर एक शब्द गेला तरी बोंब होणार. म्हणून तिने फक्त विलासकाकांना सांगितलं आणि दिवसपाळीच्या वॉचमनला. जितेशलाही नाही. त्याच्या पोटात काही राहत नसे, सुमेधने दोनदा विचारलं की तो सांगून टाकी. घरात कुणाला काही माहीत नाही आणि आपल्याला सगळं माहीत आहे, याची तिला त्या दिवसांत गंमतही वाटत होती.

त्याच आठवड्यात नालासोपारा-विरार भागात मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असा निरोप फोनवर फिरू लागला. सोबत कुठल्यातरी परप्रांतातला एक व्हिडिओ होता, रडणाऱ्या बाईचा. विलासकाकांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, सर्वांनी सावध राहावे. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी खुलासा केला की अशी कोणतीही टोळी नाही. तो खुलासाही कुणीतरी ग्रुपवर टाकला, पण त्याच्यावर कुणी काही बोललं नाही. बायका मुलांना एकटं खाली सोडेनाशा झाल्या. स्वप्नाने एकदा लिहायला घेतलं होतं की शुक्रवारी आपल्या खेळासाठी एक कलाकार वेष करून येणार आहेत, कुणी घाबरू नये. मग खोडलं. शुक्रवारी सकाळी पालकांना एकेकटं गाठून सांगू, असं तिने ठरवलं. गुरुवारच्या तालमीबद्दल सांगायला हवं, हे तिच्या मनातही आलं नाही. तालीम म्हणजे दहा मिनिटांचं काम, जागा पाहायची आणि जायचं.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ॲन्सेल्म यायचे होते. स्वप्ना स्टेशनजवळच्या छपाईच्या दुकानात कोड्यांच्या चिठ्ठ्या घ्यायला गेली होती. दुकानदाराने त्या छापल्या होत्या पण कापल्या नव्हत्या. ती काउंटरशी ताटकळत असताना ॲन्सेल्मचा फोन आला. ते गेटवर पोचले होते आणि गेटवर आज वेगळाच वॉचमन होता.

“तुम्ही आत जाऊन जागा बघून घ्या, अंकल,” ती म्हणाली. “मी आलेच. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा.”

त्यानंतर काय झालं ते तिला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. कुणीच तिला सगळं सरळ सांगितलं नाही.

ॲन्सेल्म पंप हाऊसच्या मागे गेले. नटाच्या सवयीप्रमाणे त्यांनी तालमीलाही पूर्ण वेष करायचं ठरवलं. काळी घोंगडी पांघरली, तोंडाला काजळी फासली, गोणपाटाची झोळी पुढ्यात ठेवली. झोळीत त्यांनी घरून आणलेली चॉकलेटं होती आणि स्वप्नाने आधी देऊन ठेवलेली बक्षिसं. थोड्या वेळाने एक चेंडू घरंगळत त्या बोळात आला आणि त्याच्यामागे आईची नजर चुकवून खाली आलेली चार वर्षांची एक मुलगी. पहिल्या मजल्यावरच्या विनिताची. ती त्यांना पाहून थबकली. ते काहीतरी बोलले असणार, कारण ती रडली नाही. मग त्यांनी झोळी उघडून तिच्यासमोर धरली.

विनिता मुलीला हाका मारत घराच्या मागच्या गॅलरीत आली. तिथून बोळ वरून दिसतो. तिला दिसलं ते एवढंच, की काळ्या तोंडाचा माणूस गोणपाट धरून बसलाय आणि आपली मुलगी कमरेपर्यंत त्यात गेली आहे.

ती किंचाळली. खाली कॅरमच्या टेबलाशी बसलेली माणसं धावली. जिममधली धावली. कामावरून परतणारे, गाडी लावत असलेले, सगळे तिकडे वळले. मुलीला कुणीतरी उचलून बाजूला नेलं. ॲन्सेल्म उठून उभे राहिले होते, आणि उभं राहिलेला माणूस पळायला बघतोय असं लोकांना वाटलं.

स्वप्ना रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या हातात चिठ्ठ्यांचा खोका होता. पंप हाऊसपाशी गर्दी पाहून तिला पहिल्यांदा रागच आला. खेळ फुटला, मुलांनी झोळीवाला आजच शोधून काढला, असं तिला वाटलं. जवळ गेल्यावर दिसलं की गर्दीत मुलं नाहीत.

गर्दीच्या कडेला जितेश उभा होता. त्याची पाठीवरची बॅग तशीच होती, हातात हेल्मेट होतं आणि तो धापा टाकत होता. तिला पाहून म्हणाला, पकडला, पोरं पळवणारा आहे, तू वर जा, सुमेधला घेऊन बस. ती त्याच्या बाजूने आत शिरली. फरशीवर चॉकलेटं तुडवली गेली होती. रंगीत कागदात बांधलेल्या पेन्सिलींचे डबे फुटून पेन्सिली सगळीकडे पडल्या होत्या. आणि भिंतीशी ॲन्सेल्म कुशीवर पडले होते. तोंडावरची काजळी रक्ताने धुऊन निघाली होती.

“हे ॲन्सेल्म अंकल आहेत,” ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं की हे आपले सांताक्लॉज आहेत, यांना मी बोलावलंय. तेव्हा आवाज एकदम खाली आला. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. माणसं मागच्या मागे सरकू लागली आणि रुग्णवाहिका आली तोवर तिथे ती, विलासकाका, नवा वॉचमन आणि जितेश एवढीच उरली. स्ट्रेचर उचलायला चौथा हात जितेशने दिला.

ॲन्सेल्म शुद्धीवर आलेच नाहीत. डोक्याच्या आत रक्त साचलं होतं, डॉक्टरांनी रात्रीतच ऑपरेशन केलं. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर मटिल्डा बसून असे आणि तिची मुलगी रोवेना औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन वर-खाली करी. स्वप्ना शुक्रवारी आणि शनिवारी तिथे जाऊन बसली. रोवेनाला पहिल्या दिवशी ती कोण हे नीट माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी कळलं. ती येऊन शांतपणे म्हणाली, तुम्ही इथे बसू नका, आईला त्रास होतो. स्वप्ना खाली मेडिकलच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली आणि संध्याकाळी घरी आली. रविवारी मृतांचा दिवस होता. ॲन्सेल्मच्या आई-वडिलांची कबर त्या वर्षी पुतण्यांनी सजवली.

सोसायटीने त्याच रविवारी संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये बैठक घेतली. पोलिसांनी अनोळखी जमावाविरुद्ध गुन्हा नोंदवला होता आणि ते रोज एक-दोघांना बोलावून विचारत होते. विलासकाकांनी उभं राहून सांगितलं की पंप हाऊसवरचा कॅमेरा दिवाळीच्या रोषणाईच्या वायरिंगपासून बंद आहे, त्यामुळे कुणी काय केलं हे कुणालाच ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते सांगायचा प्रश्नच येत नाही. माणसं माना हलवत होती. यातले निम्मे बँकेत, शाळेत, मंत्रालयात कामाला होते. एकाने विचारलं की नोकरीवर काही येणार नाही ना. मग विलासकाका स्वप्नाकडे वळले. तिने जबाबात एवढंच म्हणावं की बोलावलं होतं ते शुक्रवारी. गुरुवारी ते आपण होऊन आले. तारखेची गफलत त्यांच्याकडून झाली.

“काका, तुम्हाला माहीत होतं,” स्वप्ना म्हणाली. “तुमचं ऑफिस समोरच आहे. तुम्ही बाहेर आला होतात.”

“मला शुक्रवारचं माहीत होतं,” विलासकाका म्हणाले. “गुरुवारचं नव्हतं.”

जितेश तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्याने तिच्या दंडाला हात लावला, म्हणजे आता बस कर. ती काही न कबूल करता घरी आली.

मंगळवारी पहाटे ॲन्सेल्म गेले.

बातमी ग्रुपवर आली तेव्हा खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. स्वप्नाने फोन पालथा ठेवला आणि घर आवरायला घेतलं. चिठ्ठ्यांचा खोका गुरुवारपासून दिवाणखान्यात पडून होता, तो सुमेधच्या नजरेला पडू नये म्हणून माळ्यावर टाकायला ती स्टुलावर चढली. माळ्यावर आत, दिवाळीच्या कंदिलाच्या मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं. जितेशचं हेल्मेट होतं. काच तडकलेली, आतलं अस्तर काढून टाकलेलं, साबणाचा वास येत होता. तेव्हा तिला आठवलं की शुक्रवारपासून तो जुनं, पट्टा तुटलेलं हेल्मेट घालून स्टेशनला जात होता.

ती तिथेच स्टुलावर बसली. सुमेध शेजारी खेळायला गेला होता. संध्याकाळी जितेश आला, चपला काढल्या, हात-पाय धुतले. तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं होतं. ते पाहून त्याने काहीच कारण सांगितलं नाही, खोटंही बोलला नाही. खुर्ची ओढून बसला.

“किती मारलंस?” तिने विचारलं.

“दोनदा. तीनदा असेल.”

“का?”

“मी आलो तेव्हा लोक मारतच होते. मी नुसता उभा होतो. खरंच उभा होतो, स्वप्ना. मग त्याने तुझं नाव घेतलं.”

“काय म्हणाले?”

“स्वप्ना मॅडमना विचारा, म्हणाला. दोनदा म्हणाला. मला वाटलं, ह्याला आपल्या घरातल्या बाईचं नाव माहीत आहे. म्हणजे पाळत ठेवलीय. म्हणजे सुमेधवर पण ठेवली असणार. मग माझं डोकंच फिरलं.”

स्वप्नाने विचारलं की मला फोन करून विचारता आलं नसतं का, नाव माझंच होतं ना. थोड्या वेळाने तो रडू लागला, आवाज न करता, आणि तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि ठेवताही येईना. नाव सांगा असं तिनेच सांगितलं होतं. तिने तसं सांगितलं नसतं तर तो माणूस काही दुसरं बोलला असता, आणि जितेश नुसता उभा राहिला असता. हा हिशेब ती त्या रात्री पुन्हा पुन्हा करत राहिली आणि तो कुठेच सुटला नाही.

अंत्यविधीला ती गेली नाही. रोवेनाने सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. पण दोन दिवसांनी सकाळी सुमेधला क्लासला सोडून तिने हेल्मेट पिशवीसकट स्कूटरच्या डिकीत घातलं आणि ती निर्मळला गेली. तिथून पुढे कुठे जायचं ते तिने पूर्ण ठरवलेलं नव्हतं. डिकीत हेल्मेट मावत नव्हतं, झाकण दोरीने बांधावं लागलं.

दारात रोवेना होती. तिने आत या म्हटलं नाही, पण आतून मटिल्डाने कोण आहे असं विचारलं आणि नाव ऐकून येऊ दे म्हणाली. घरात दूरचे नातेवाईक होते, ते उठून मागच्या पडवीत गेले. मटिल्डा खुर्चीत बसली होती, काळ्या कपड्यांत, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. स्वप्ना समोरच्या बाकावर टेकली. माफी मागायचे शब्द तिने वाटेत जुळवले होते, त्यांतला एकही बाहेर पडला नाही.

“बाय, तू तिथं होतीस ना,” मटिल्डा म्हणाली. “शेवटी ते काय बोलले? आमच्या कुणाचं नाव घेतलं?”

स्वप्नाला वाटलं, हो म्हणावं. तुमचं घेतलं म्हणावं. कुणाला कळणार होतं.

“नाही,” ती म्हणाली. “माझं घेतलं. स्वप्ना मॅडमना विचारा, म्हणाले. मी तेव्हा पोचले नव्हते.”

“मग तुला कसं ठाऊक?”

“माझ्या नवऱ्याने ऐकलं.”

मटिल्डा तिच्याकडे पाहत राहिली. रोवेना दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

“मग विचारलं त्याने तुला?”

“नाही.”

मटिल्डाला सगळं कळलं की काय, ते तिच्या चेहऱ्यावरून समजत नव्हतं. तिने एकदा डोळे मिटले. मग मुलीला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं, आणि रोवेनाने बाजूला होऊन दाराकडची वाट मोकळी केली. स्वप्ना उठली. ओटीवर फुलांच्या रिकाम्या टोपल्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. कुणी तिच्या मागे आलं नाही.

तिथून ती थेट पोलीस ठाण्यात गेली. अधिकारी वयस्कर होता, त्याने तिला आधी पाणी दिलं. तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, तालमीचं, फोनचं, विलासकाकांचं, माळ्याचं. तो मध्येच थांबवून म्हणाला की नवऱ्याने घरात तुमच्यापाशी जे कबूल केलं ते कोर्टात चालायचं नाही, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं आणि हाताला काय लागलं तेवढं सांगा. त्याने तिला मुलगा किती वर्षांचा आहे हे विचारलं. जबाब वाचून दाखवल्यावर पुन्हा विचारलं, जणू पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं. मग तिची सही घेतली.

जितेशला तिने दुपारी फोन करून सांगितलं. तो ऑफिसात होता. मी घरी येतो, एवढंच तो म्हणाला. आला, सुमेधबरोबर जेवला, त्याचं गणित तपासलं. सकाळी सात वाजता पोलीस आले तेव्हा तो दाढी करून तयार होता. त्याने चौकशीत आणखी तिघांची नावं दिली. विलासकाकांनी जबाब दिला की ते त्या वेळी ऑफिसात हिशेब पाहत होते आणि आरडाओरडा ऐकून बाहेर आले तेव्हा सगळं संपलं होतं.

संकुलात स्वप्नाशी कुणी भांडलं नाही. फक्त लिफ्टमध्ये ती शिरली की आतली माणसं फोन काढत. कामवाल्या बाईला कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि ती यायची थांबली. सासूबाईंचा डोंबिवलीहून एकदाच फोन आला. त्या म्हणाल्या की नवऱ्याला स्वतःच्या हाताने पोलिसांना नेऊन देणारी बाई मी पाहिली नव्हती, तुझ्या माहेरी असं चालतं का. विनिता एका दुपारी येऊन दारात उभी राहिली. मी फक्त ओरडले हो, असं म्हणाली. स्वप्नाने तिला बसायला सांगितलं, पण ती बसली नाही, तिची मुलगी खाली एकटी होती. त्या मुलीला सगळे मिळून ती संध्याकाळ विसरायला लावत होते.

सुमेधपासून लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, शाळेत त्याला आधीच कळलं होतं. तो आईशी बोलायचा, पण कामापुरतं. रात्री दिवा चालू ठेवून झोपायचा. एप्रिलमध्ये जितेश जामिनावर सुटला आणि डोंबिवलीला भावाकडे राहायला गेला. त्याची नोकरी गेली होती. रविवारी तो विरार स्टेशनवर येऊन मुलाला घेऊन जाई आणि संध्याकाळी परत आणून सोडी. स्वप्ना आणि तो तिकीट खिडकीपाशी उभे राहून सुमेधच्या औषधांचं, कपड्यांचं बोलत. एकदा तो म्हणाला की तू केलंस ते बरोबर होतं असं वकील सोडून सगळ्यांना सांगतो मी. ते त्याला खरंच वाटतं की तिला बरं वाटावं म्हणून म्हणतो, हे तिला ठरवता आलं नाही. आणि त्याच्याकडे परत जावंसं वाटतं की नाही, हेही.

वसईच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. तिच्या साक्षीची पाळी कधी येईल ते सरकारी वकिलांनाही सांगता येत नव्हतं, आणि तिने दर वेळी यायची गरजही नव्हती. तरी ती जाई. सागरछायामधून साक्षीदार म्हणून नाव असलेली ती एकटीच होती. आरोपींचे घरचे लोक एका बाजूला बसत, मटिल्डा आणि रोवेना दुसऱ्या बाजूला. स्वप्ना कुठल्याच बाजूची नसल्यामुळे मागच्या बाकावर बसायची.

मे महिन्यातल्या एका तारखेला उकाडा फार होता. पुढचे बाक वकिलांनी आणि दुसऱ्या खटल्याच्या माणसांनी भरले होते. वीज जाऊन-येऊन होती, आणि चालू असलेला एकुलता पंखा स्वप्नाच्या डोक्यावर होता. रोवेना आईला हाताला धरून आत आली, इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ तिच्यापाशी आली. स्वप्ना त्या दिवशी निर्मळहून निघाल्यापासून रोवेना तिच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

“आई पंख्याखाली बसेल,” ती म्हणाली. “तुम्ही जरा तिकडे सरका.”

स्वप्ना सरकली. मटिल्डा तिच्या बाजूला बसली, पदराने मान पुसली, पर्समधून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्याली. दोघी समोर पाहत होत्या. समोर जितेश आणि ते तिघे भिंतीशी उभे होते, जितेशचे केस कानांवर पांढरे झाले होते. मटिल्डाने स्वप्नाकडे न पाहता हळू आवाजात विचारलं, यातला तुझा कुठला.

स्वप्नाने सांगितलं, डावीकडून दुसरा.

मटिल्डा त्याच्याकडे पाहत राहिली. मग शिपायाने खटल्याचा पुकारा केला आणि सगळे उठून उभे राहिले.